पळी तीच होती

नववं वर्ष. तोच पीर, तोच निंब,
तीन दगडांवर तेच काळं भगुलं.
ताईनं कंदुरी कबूल केलेली,
पोराचा मोडलेला हात सरळ बसला म्हणून.
मी सेलूपासून टमटमात
मांडीवर पत्रावळ्यांचा गठ्ठा धरून आलो.

उतरत नाही तर चंद्रभागा आत्या म्हणते,
"नावच मारोती ठेवलं माय,
आता शेंदूर अन् तेलावरच जगायचं ह्यानं."
सगळे हसतात. मीही हसतो.
नऊ वर्षांत तेवढं हसणं चांगलं मुरलंय.

माळ घातली का? नाही.
डॉक्टरनं सांगितलं? नाही.
"कुण्या बामणाची पोरगी-बिरगी?"
भावजी कानाशी येतात,
येतानाच कुठंतरी थांबून आलेले.

त्यांना एक गोष्ट पाहिजे असते.
एखादा बोकड, त्याचे डोळे,
लहानपणी लळा लागलेलं करडू.
मह्याकडं तसलं काही नाही.
नांदेडच्या मेसमध्ये एका रविवारी
हात ताटाकडं गेला अन् मधीच थांबला.
शेजारच्यानं विचारलं, काय रे?
म्हटलं, काही नाही.
अजूनही मला तेवढंच सांगता येतं.

गावापुरतं असतं तर निभलं असतं.
परभणीत मला खोली मिळाली ती ह्याच्याच जिवावर.
आडनाव ऐकून मालकानं मान हलवली होती,
"खात नाही" म्हटल्यावर
खिशातून किल्ली काढली.
अन् ऑफिसात देऊळगावकर मॅडम
डब्याचं झाकण उघडता उघडता,
"अरे वा! तुमच्यात असं कमीच, नाही?"

त्या संध्याकाळी, खरं सांगतो,
दोन वाट्या मटण हाणावं वाटलं.
गेलोही.
खानावळीच्या पाटीखाली उभा राहिलो
फुफाट्यात, बराच वेळ.
पोऱ्या म्हणाला, बसा की.
मग घरी येऊन
शिळी भाकर, शेंगदाण्याची चटणी.

त्या खोलीवर बाबांना मी कधी बोलावलं नाही.
बाबांना रांधायचं म्हणलं तर
एकच गोष्ट येते.

गफूर मुलाणी हापशावर सुरी धूत होता.
मी दांडा मारून दिला.
तेवढ्या गर्दीत त्यानंच काही विचारलं नाही.
नखं घासत, आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाला,
"कापलं त्या दिवशी मलाबी घास जात नाही.
वरण पितो. कुणाला बोलू नको,
धंद्याची गोष्ट हाय."

पंगत बसली.
मह्या पत्रावळीवर भाकर, फोडलेला कांदा,
आईनं फडक्यात बांधून आणलेली मेथी.
वाढपी मला ओलांडून जात होते,
वाटंतल्या दगडाला ओलांडावं तसे, सवयीनं.

तेवढ्यात बाबा आले.
डोक्याला टॉवेल, हातात एक चेंबलेलं पातेलं.
"येसराचा रस्सा हाय.
बोटी टाकायच्या आधीच काढून ठेवला."
मग खाली बघत,
"पण पळी तीच होती. नंतर ध्यानात आलं.
बघ. खायचं तर खा."

नसतं सांगितलं तर मला काय कळणार होतं?

नऊ वर्षं मी ह्या माणसाच्या हातचं खाल्लं नव्हतं
अन् त्यानं एकदाही
काहून, म्हणून विचारलं नव्हतं.

मी भाकर मोडली, बुडवली.
लसूण, जाळलेलं खोबरं, चुलीचा धूर,
अन् तिखट असं की नाकाला धार लागली.
बाबा दोन पत्रावळ्या पुढं गेलेले.
मागं न बघता म्हणाले, "मीठ?"
म्हटलं, "बरोबर हाय."

समोरून आत्या हे सगळं बघत होती,
हाडूक चोखता चोखता.
"व्हय रे मारोती,
रस्सा चालतो तुला,
मग बोटीनंच तुहं काय घोडं मारलं?"